लहान मुलांना घेऊन मुंबई बघायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की नगर, सांगली, लातूर, नाशिककडून हे प्रश्न फिरून फिरून येतात. इथे 'लहान मुलं' म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आतली. उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. पूर्ण वाचायला वेळ नसेल तर निदान ६, ८ आणि २० वाचून निघा.

१. मूल किती मोठं झाल्यावर मुंबई दाखवायला न्यावं?

आई-बाबांना मुंबई बघायची असेल तर कधीही. मुलाला काहीतरी आठवावं असं वाटत असेल तर चार-पाच वर्षांपासून पुढे. सगळ्यात अवघड वय दीड ते तीन. कडेवर राहायचं नसतं, चालवत नाही, आणि झोप दुपारी एकलाच येते. सहा महिन्यांचं बाळ उलट सोपं. त्याला गेटवे काय आणि गॅलरी काय, दूध आणि झोप वेळेवर मिळाली की झालं.

२. तीन दिवसांत काय काय बघून होईल?

तीन मोठी ठिकाणं आणि तीन संध्याकाळी. यापेक्षा जास्त लिहून आणलेली यादी मुंबईत पहिल्याच दिवशी दुपारी फाटते. सकाळी एक ठिकाण, दुपारी मुक्कामावर परत येऊन जेवण आणि झोप, साडेचार-पाचनंतर जवळपासची चौपाटी किंवा बाग. गेटवे, म्युझियम, राणीची बाग, सिद्धिविनायक आणि जुहू एका दिवसात 'करून' आलेली कुटुंबं असतात. त्यांच्या फोटोंत संध्याकाळचं मूल बघा, बहुधा झोपलेलं तरी असतं नाहीतर रडत.

३. कोणत्या महिन्यात यावं?

नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी. त्यातही नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा टाळा. मे महिन्यात तापमानाचा आकडा नगर-लातूरपेक्षा कमी दिसतो म्हणून लोक फसतात. इथे घाम वाळत नाही आणि मुलं चिडचिड करतात. मेशिवाय पर्यायच नसेल तर सकाळी आठ ते अकरा बाहेर, मग थेट संध्याकाळी. पावसाळ्यासाठी प्रश्न १४ पाहा.

४. पुण्याहून किंवा लांबून येताना गाडी बरी की ट्रेन? मुलाचं तिकीट किती?

ट्रेन. द्रुतगती मार्गावरून लवकर याल, पण वाशी किंवा सायनपासून पुढचा तास मागच्या सीटवरच्या मुलाला कसा काढायचा ते तुम्हीच ठरवा, आणि दक्षिण मुंबईत पार्किंग शोधणं हा वेगळाच उद्योग. पुण्याहून डेक्कन क्वीन, प्रगती, डेक्कन एक्स्प्रेस या गाड्यांना काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा असतो. तिकीट महाग, पण बोरघाटात बोगदे मोजत बसलेलं मूल दीड तास काही मागत नाही. उतरायला दादर सोयीचं.

लांबच्या आरक्षित गाड्यांत पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी जागा नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वयाच्या मुलाला स्लीपरसारख्या डब्यात वेगळा बर्थ नको असेल तर अर्धं भाडं, बर्थ हवा असेल तर पूर्ण. पण चेअर कार आणि सेकंड सिटिंगमध्ये 'जागा नको, अर्धं तिकीट द्या' ही सवलतच नाही. पाच पूर्ण झाली की पूर्ण भाडं. पुणे-मुंबईच्या बहुतेक गाड्यांत याच प्रकारची आसनं असल्यामुळे हा प्रश्न हमखास येतो. लोकलचे नियम वेगळे आहेत, ते प्रश्न ७ मध्ये.

५. आमचे काका डोंबिवलीला राहतात. तिथून रोज जाऊन-येऊन मुंबई बघता येईल ना?

येईल, पण वेळापत्रक काकांच्या ऑफिसचं धरू नका. डोंबिवलीहून सीएसएमटीला (म्हणजे पूर्वीच्या व्हीटीला) फास्ट लोकलनेही तासाच्या वर लागतं. सकाळी आठच्या गाडीला मुलांना घेऊन उभं राहण्यात काही अर्थ नाही. अकरानंतर निघायचं आणि एकतर चारच्या आत परतीच्या गाडीत बसायचं, नाहीतर रात्री नऊनंतर. मधल्या वेळेत सीएसएमटीवरून कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत मुलासकट चढायचा विचारही नको. दादरहून तर अजिबात नको, कारण तिथे गाडी भरूनच येते.

अकराला निघून चारला परतायचं म्हणजे हातात येतात जेमतेम तीन तास. म्हणून माझा सल्ला असा की काकांकडे दोन दिवस पाहुणचार घ्या आणि दोन रात्री दादर, माटुंगा, परळ किंवा फोर्ट भागात साधं हॉटेल घ्या. दादर-माटुंग्याला तिन्ही बाजूंना जाता येतं, घरगुती जेवण मिळतं, बाग आणि समुद्र चालत अंतरावर. शिवाय शहराच्या दक्षिणेकडे मुक्काम असला की सकाळी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाकडे तुम्ही गर्दीच्या उलट्या दिशेने जाता. समोरची गाडी लोंबकळत येत असते आणि तुमच्या डब्यात मुलाला खिडकी मिळते.

काकू रागावतील, ते तुम्ही बघून घ्या.

६. लोकलमधून लहान मुलांना न्यायची हिंमत करावी का?

करावी. मुलांना मुंबईतलं सगळ्यात जास्त काय आवडलं म्हणून विचारलं तर कितीतरी जणांचं उत्तर 'ट्रेन' हेच असतं. फक्त वेळ आणि दिशा सांभाळायची. सकाळी साधारण आठ ते अकरा गर्दी चर्चगेट आणि सीएसएमटीकडे जाते, संध्याकाळी साडेपाच ते नऊ तिकडून परत येते. या वेळांत त्या दिशेला जायचं नाही. दुपारी बारा ते चार लोकल माणसांसारखी असते.

स्लो, म्हणजे प्रत्येक स्टेशनवर थांबणारी गाडी पकडा. वेळ थोडा जास्त जातो, पण चढ-उतार कमी रेटारेटीची होते. फास्ट आणि स्लो कुठली ते प्लॅटफॉर्मवरच्या इंडिकेटरवर दिसतं. गाडी एका स्टेशनवर जेमतेम अर्धा मिनिट थांबते, हे बाहेरगावच्या माणसाला खरं वाटत नाही. म्हणून उतरायच्या आधीचं स्टेशन गेलं की मुलांना उठवून दाराकडे सरकायचं आणि प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार ते शेजाऱ्याला विचारायचं. सांगतात सगळे, आणि मूल बघून जागाही देतात. चढताना मोठा माणूस आधी, मग मूल, शेवटी दुसरा मोठा माणूस. उतरतानाही हाच क्रम. मुलाचं बोट धरू नका, मनगट धरा. गाडी आणि प्लॅटफॉर्ममधल्या फटीवरून लहान मुलाला उचलूनच न्यायचं. दाराजवळच्या मधल्या मोकळ्या जागेत मुलांना उभं ठेवायचं नाही, आत बाकांच्या मधे जायचं.

एसी लोकलची दारं आपोआप बंद होतात, त्यामुळे मुलांसाठी तीच सगळ्यात निर्धास्त. मात्र तिचं तिकीट वेगळं असतं, साध्या लोकलचं तिकीट घेऊन चढलात तर दंड. रविवारी मध्य आणि हार्बर मार्गावर बहुधा मेगाब्लॉक, म्हणजे देखभालीसाठी काही तास मार्ग बंद, असतो. शनिवारी रात्रीच कुठून कुठपर्यंत आहे ते बघून ठेवा, नाहीतर गाड्या कमी आणि गर्दी दुप्पट.

७. लोकलमध्ये मुलाला तिकीट लागतं का? वयाचा पुरावा मागतात का?

पाच वर्षांखाली नाही. पाच पूर्ण ते बारा अर्धं. अंगाने थोराड मूल असेल तर आधार कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, वाद मिटतो.

८. आई आणि मुलं लेडीज डब्यात, बाबा जनरलमध्ये. उतरताना चुकामूक झाली तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि यायलाच हवा. लहान मुलगे आईबरोबर लेडीज डब्यात चालतात. गर्दी नसेल तर मात्र सगळ्यांनी जनरलमध्ये एकत्र बसणं केव्हाही चांगलं.

वेगळं चढायचंच असेल तर चढण्याआधी तीन गोष्टी ठरवा. उतरायचं स्टेशन कोणतं. उतरल्यावर कोणी कोणाकडे चालत जायचं (मुलं जिथे आहेत तिथेच थांबायची, एकटा माणूस त्यांच्याकडे येणार). आणि कोणी चढायचं राहिलंच तर काय. शेवटच्याचं उत्तर असं: जो चढला तो पुढच्याच स्टेशनवर उतरून तिथेच थांबतो, राहिलेला मागच्या गाडीने तिथे येतो. दोघांनीही एकमेकांना शोधायला उलट्या दिशेने निघायचं नाही. फोन लागेलच असं गृहीत धरू नका, ठरलेलं पाळा.

मूल प्लॅटफॉर्मवर राहिलं आणि गाडी सुटली तर उडी मारू नका. डब्यातल्या लोकांना सांगा, रेल्वेच्या १३९ क्रमांकावर फोन करा, पुढच्या स्टेशनवर उतरून स्टेशन मास्तर किंवा रेल्वे पोलिसांना गाठा. मागच्या स्टेशनवर निरोप फार पटकन पोचतो. फोटो आणि चिठ्ठीचं काय ते प्रश्न २० मध्ये आहे.

९. रिक्षा, टॅक्सी, बस, मेट्रो. नक्की कशाने फिरायचं?

रिक्षा पश्चिमेला वांद्र्यापर्यंत आणि पूर्वेला सायनपर्यंतच. दादर, परळ, फोर्टला रिक्षा मिळत नाही, काळी-पिवळी टॅक्सी मिळते. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं रिक्षाला २६ आणि टॅक्सीला ३१ रुपये आहे. मध्यरात्रीनंतर सव्वापट. सगळे मीटरने येतात, 'ठरवून घ्या' म्हणणाऱ्याला सोडून पुढचा बघा.

मेट्रोने मुलांबरोबरचा प्रवास खरोखर सोपा केला आहे. आरे ते कफ परेड ही भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू आहे. दादर, सिद्धिविनायक, वरळीचं विज्ञान केंद्र, चर्चगेट, सीएसएमटी आणि विमानतळ एकाच मार्गावर आले. लिफ्ट आहेत, गारवा आहे, स्वच्छतागृहं आहेत. मोबाईलला खाली रेंज मिळेलच असं नाही, म्हणून भेटायची जागा वर असतानाच ठरवा.

बसचं म्हणाल तर मुलांना दुमजली बसमध्ये वरती, पुढच्या काचेशी बसायचं असतं. जुन्या लाल डिझेल डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. आता वातानुकूलित इलेक्ट्रिक आहेत, सीएसएमटीहून एनसीपीएकडे (नरिमन पॉइंटच्या टोकाचं नाट्यगृह) जाणारी ११५ त्यातलीच. सुरुवातीच्या थांब्यावरच चढा, म्हणजे वरची पुढची जागा मिळते. मोनोरेलचंही कोणी ना कोणी विचारतंच. ती सप्टेंबर २०२५ मध्ये दुरुस्ती-सुधारणेसाठी थांबवली, तिच्या भरवशावर बेत आखू नका.

१०. बाबागाडी आणू का?

नको. फुटपाथ मधेच संपतो, संपला नाही तर त्यावर दुचाकी उभी असते, आणि लोकलच्या पुलावर तुम्ही बाळ, गाडी आणि पिशवी तिन्ही उचलून जिना चढत असता. पोटाशी बांधायचं कॅरियर किंवा आपली आजीची सुती ओढणी, यांवर काम भागतं. अपवाद दोनच: फक्त मॉल आणि मेट्रो एवढाच बेत असेल, किंवा जुळी असतील.

११. राणीच्या बागेत नेमकं काय बघायचं आणि किती वेळ लागतो?

वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे भायखळ्यातलं ठिकाण मुलांसाठी मुंबईतलं पहिल्या क्रमांकाचं, असं माझं मत. मध्य रेल्वेच्या फास्ट गाड्याही भायखळ्याला थांबतात, आणि पूर्वेला उतरून चालत जाता येतं. बाग साडेनऊला उघडते, बुधवारी बंद. मोठ्यांना ५०, तीन ते बारा वर्षांच्या मुलांना २५, आणि आई-बाबा व दोन मुलं मिळून १०० रुपये असं तिकीट आहे, म्हणजे चौघांना वेगवेगळी तिकिटं काढण्यात नुकसान. साडेचारनंतर पोचलात तर खिडकी बंद झालेली असू शकते.

दार उघडल्या उघडल्या आधी पेंग्विनकडे जा. हे हम्बोल्ट पेंग्विन २०१६ मध्ये आले, लोकांना २०१७ पासून दिसतात. अकरानंतर तिथे रांग पुढे ढकलत नेतात, मुलाला काचेशी दोन मिनिटंही मिळत नाहीत. सकाळी लवकर मात्र काचेला नाक लावून बसता येतं. पाण्याची पातळी मुलांच्या डोळ्यांच्या आसपास येते, त्यामुळे पेंग्विन पाण्याखालून सरळ अंगावर आल्यासारखा येतो आणि ऐन वेळी वळतो. मुलं दचकून मागे होतात आणि लगेच पुन्हा नाक लावतात. मुलाला उचलून घेऊ नका, खालूनच जास्त चांगलं दिसतं.

तिथून पक्ष्यांच्या मोठ्या पिंजऱ्यात. पिंजरा म्हणायचं खरं, पण आपण आत आणि पक्षी डोक्यावरून उडत जातात. मग पाणघोडा, हरणं. वाघ दिसेलच असं मुलाला आधी कबूल करू नका. दुपारी तो झोपतो, आणि रडणं तुमच्या वाट्याला येतं. झाडांकडेही बघा, ही मुळात वनस्पती उद्यान म्हणून लावलेली बाग आहे. आफ्रिकेतल्या गोरखचिंचेचं खोड चौघांनी हात धरूनही कवेत येत नाही, करून बघा.

शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. आत मुंबईच्या जुन्या व्यवसायांच्या, वेशांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत, बाहुल्यांसारख्या, त्यामुळे पाच वर्षांच्या मुलांनाही रमवतात. बाहेर काळा दगडी हत्ती उभा आहे. तो मूळ घारापुरी बेटावरचा. पूर्ण फेरीला तीन तास धरा आणि दुपारच्या जेवणाला बाहेर पडा.

१२. आम्ही सोमवारीच मुंबईत आहोत. काय उघडं असतं?

सोमवारी घारापुरीच्या लेणी, बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, त्यातली कान्हेरी लेणी आणि नेहरू तारांगण बंद. राणीची बाग, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि नेहरू विज्ञान केंद्र उघडं. बुधवारी उलट: बाग आणि भाऊ दाजी लाड बंद, बाकीचं चालू.

एक खाचखळगा आहे. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर राणीची बाग त्या दिवशी उघडी ठेवतात आणि गुरुवारी बंद. दरवेळी दाराशी गुरुवारची हिरमुसली कुटुंबं दिसतात.

१३. घारापुरीला दोन-तीन वर्षांच्या मुलाला न्यावं का?

माझ्या मते पाच वर्षांच्या आत नको. गेटवेहून लाँचने तासभर, धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी (ती मुलांना लेण्यांपेक्षा जास्त आवडते), मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं आणि दुकानांवर माकडं. मुलाच्या हातात बिस्किटाचा पुडा किंवा मक्याचं कणीस असेल तर माकड ते घेतंच. परतीचा तास पुन्हा उन्हात. पाचच्या पुढचं मूल असेल तर जरूर न्या. सकाळच्या पहिल्या-दुसऱ्या लाँचने जा आणि एक-दोनपर्यंत परत या. वरच्या डेकचे जास्तीचे पैसे बोटीवर घेतात. मुलं बरोबर असतील तर खाली सावलीतच बसा.

डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावरच्या लाँचला अपघात होऊन माणसं दगावली. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका, आणि मुलाच्या मापाचं नसेल तर दुसऱ्या लाँचची वाट बघा. 'काही होत नाही हो' म्हणणारे भेटतील. त्यांना हसून नाही म्हणायचं. पावसाळ्यात हा बेत रद्दच समजा.

१४. पावसाळ्यात आलो तर काय करायचं?

जून ते सप्टेंबर मुंबई बघायची तर छपराखालच्या जागा निवडा: विज्ञान केंद्र, वस्तुसंग्रहालय, मॉलमधले खेळ. पावसाने ओला झालेला मरीन ड्राइव्ह कितीही सुंदर दिसला तरी भरतीच्या वेळी मुलाला कठड्यावर उभं करायचं नाही. पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीचे दिवस आधीच जाहीर होतात. त्यातच जोरदार पाऊस आला की समुद्र पाणी घेत नाही, आणि हिंदमाता, किंग्ज सर्कल असे सखल भाग तुंबतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तसं दरवर्षी होत नाही, पण त्या दिवसापासून मुंबईकर एक गोष्ट शिकले: लाल इशारा असेल तर जिथे आहोत तिथेच थांबायचं. पाहुण्यांनीही तेच करावं. अडकलात तर मुलाला चालवत साचलेल्या पाण्यातून नेऊ नका, उघडं मॅनहोल दिसत नाही.

१५. चौपाटीवर मुलांना पाण्यात खेळू द्यावं का?

वाळूत हवं तेवढं. गिरगाव असो की जुहू, मुंबईचा समुद्र पोहायचा नाही. पाणी घाण असतं आणि जुहूला ओढ आहे. पावसाळ्यात जुहू, गिरगावच्या किनाऱ्यावर निळ्या फुग्यासारखे जेलीफिश वाहून येतात. मुलं फुगा समजून हात लावतात आणि मग आग आग होते. वाळूत पडलेलाही डसतो. त्या दिवसांत चप्पल काढू देऊ नका.

१६. चार वर्षांच्या मुलाला म्युझियम कळतं का? कुठल्या जावं?

कळत नाही, पण दिसतं. लहानांसाठी वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र बरं, कारण तिथे हात लावायची परवानगी आहे: चाकं फिरवा, आरशात लांबोळके व्हा, बाहेरच्या बागेत जुनं वाफेचं इंजिन आणि ट्राम बघा. वर्षातले जवळजवळ सगळे दिवस उघडं असतं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लहान मुलांसाठी वेगळं दालन आहे, मोठ्या इमारतीत जाण्याआधी तिकडे चला. पेंढा भरलेल्या प्राण्यांचं दालनही मुलांना हमखास आवडतं. तारांगण मात्र अंधारात घाबरणाऱ्या मुलांना नको, आणि तिथले मराठी खेळ कधी आहेत ते बघून जा.

फुकटचं संग्रहालय हवं असेल तर सीएसएमटीची इमारत बाहेरून बघा. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. भिंतींवर मोर, माकडं, खारी कोरल्या आहेत. जो आधी शोधेल त्याला गोळी, या करारावर अर्धा तास जातो.

१७. तारापोरवाला मत्स्यालय आणि म्हातारीचा बूट अजून आहेत ना?

बूट आहे, मलबार हिलच्या कमला नेहरू पार्कमध्ये. मत्स्यालय कोविडच्या काळात बंद झालं ते उघडलेलं नाही, आजोबांच्या आठवणीवर विसंबून मुलांना कबूल करू नका. बुटाच्या मागच्या बाजूला झाडांतून जाणारा अर्धा किलोमीटरचा उन्नत लाकडी मार्ग मार्च २०२५ पासून सुरू आहे. २५ रुपये तिकीट, ऑनलाइन वेळ घेऊन. सकाळी सातच्या सुमारास गेलात तर पक्षी दिसतात, दहानंतर सेल्फी.

१८. खाण्याचं काय? मुलं तिखट खात नाहीत.

मग उडुपी हॉटेल शोधा. इडली, दहीभात, साधा डोसा सगळीकडे मिळतो. 'सांबार वेगळं द्या' एवढं सांगायचं. माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ अशी हॉटेलं रांगेने आहेत. कॅफे मद्रासला रविवारी सकाळी दारात नावं लिहून थांबावं लागतं, आठच्या आत जा (सोमवारी बंद). माटुंगा स्टेशनसमोर रामा नायक यांची खाणावळ १९४२ पासून केळीच्या पानावर जेवण वाढते. मुलांना पानात जेवायची मजा वाटते आणि भात हवा तेवढा मिळतो. दादरला मराठी पदार्थ हवे असतील तर आस्वाद, प्रकाश. साबुदाणा वडा आणि पीयूष यांवर बहुतेक मुलांची गाडी चालते.

वडापाव द्यायचाच तर 'सुकी चटणी नको' सांगा आणि गरम घाणा निघताना घ्या. पाणीपुरी, बर्फाचा गोळा, कापून ठेवलेली फळं नको. मुलांचं पाणी मुक्कामावरून उकळून भरून घ्या.

१९. बाळाला दूध पाजायला, लंगोट बदलायला, शू-शीला जागा मिळते का?

मिळते, पण आधी माहिती हवी. मॉल, मोठी संग्रहालयं, मेट्रो स्थानकं आणि विमानतळ चांगले. एसटीच्या स्थानकांवर हिरकणी कक्ष असतो. मुंबई सेंट्रल, परळ, कुर्ला ही स्थानकं शहरातच आहेत, एसटीने येत नसलात तरी आत जाता येतं. बागा आणि चौपाट्यांवरची स्वच्छतागृहं पैसे देऊन वापरायची असतात, सुट्टे दहा रुपये खिशात वेगळे ठेवा. हॉटेलात चहा घेऊन विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही. मुलांना 'आली की सांग' म्हणू नका. दर ठिकाणी बाहेर पडताना न्यायचंच. दक्षिण मुंबईत पुढचं स्वच्छतागृह मुलाच्या धीरापेक्षा नेहमी लांब असतं.

२०. मूल हरवलं तर?

आधीची तयारी: रोज सकाळी निघताना मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांत फोटो काढा. पोलीस पहिला प्रश्न 'कपडे कोणत्या रंगाचे' हाच विचारतात आणि घाबरलेल्या आईला आठवत नाही. खिशात दोन मोबाईल क्रमांकांची चिठ्ठी, बॉलपेनने दंडावरही लिहा. मुलाला तुमचं खरं नाव पाठ करून घ्या. आईचं नाव काय म्हटल्यावर 'आई' सांगणारी मुलं पोलीस चौकीत रोज बसलेली असतात. हरवलास तर चालत राहायचं नाही, जिथे आहेस तिथे थांबायचं, आणि वर्दीतला माणूस किंवा मुलं बरोबर असलेली बाई गाठायची, एवढंच शिकवा.

प्रत्यक्ष हरवलं तर एकाने त्याच जागी उभं राहायचं, दुसऱ्याने सुरक्षा रक्षकाकडे किंवा चौकीवर जायचं. ११२ पोलिसांसाठी, १०९८ मुलांच्या मदतीसाठी, रेल्वेत १३९. 'थोडा वेळ शोधू, मग सांगू' असं करू नका.

२१. आजारी पडलं तर?

ताप, उलटीसाठी मुक्कामाच्या जवळचा बालरोगतज्ज्ञ हॉटेलवाल्याला विचारा. परळचं वाडिया हे १९२९ पासून फक्त मुलांचं रुग्णालय आहे, रात्री-अपरात्री तिकडे जाता येतं. रुग्णवाहिका १०८. नेहमीची औषधं आणि ओआरएस घरूनच आणा.

२२. गणपतीत लालबागच्या राजाच्या दर्शनाला मुलांना नेऊ का?

नको. रांग तासन्‌तास चालते, मधेच बाहेर पडता येत नाही आणि पायांच्या गर्दीत लहान मुलाला हवाच मिळत नाही. मुखदर्शनाची रांग छोटी असते म्हणतात, तीही शनिवार-रविवारी छोटी राहत नाही. मुलांना गणपती दाखवायचे तर गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत जा. १८९३ पासूनचा हा उत्सव, मूर्ती लहान, कर्णे नाहीत, चाळीतली पोरं अंगणात खेळत असतात. नाहीतर चतुर्थीच्या आठवडाभर आधी लालबाग-परळच्या मूर्तिशाळा बघा. अर्धवट रंगवलेला, डोळे नसलेला गणपती मुलांना फार वेळ थांबवतो. विसर्जनाच्या दिवशी मुक्कामावरच.

सिद्धिविनायकाला मंगळवार टाळा. तान्ह्या बाळाच्या आईला वेगळ्या दाराने सोडतात, रक्षकाला विचारा. सहा डिसेंबरच्या आसपास दादर-शिवाजी पार्कला चैत्यभूमीमुळे प्रचंड गर्दी असते. अभिवादनाला येत असाल तर महापालिका मैदानात मंडप, पाणी, वैद्यकीय मदत ठेवते, मुलांना घेऊन तिथेच थांबा. नुसतं फिरायला येत असाल तर त्या दोन-तीन दिवसांत दादरचा मुक्काम घेऊ नका.

२३. गरोदर आहे आणि तीन वर्षांची मुलगी बरोबर आहे. दिव्यांगांच्या डब्यात बसू देतात का?

गर्भवती महिलेला परवानगी आहे, डॉक्टरांचा कागद जवळ ठेवा. नुसतं कडेवर बाळ आहे म्हणून मात्र त्या डब्यात चढता येत नाही. नवऱ्यालाही त्या डब्यात हक्क नाही, त्यामुळे प्रश्न ८ मधली ठरवाठरव करूनच चढा. मला विचाराल तर मेट्रो किंवा टॅक्सी.

२४. आजी-आजोबाही येणार आहेत. सगळ्यांना झेपेल असा एक दिवस सांगा.

सकाळी साडेनऊला राणीची बाग. आजी-आजोबांना झाडाखालच्या बाकावर बसवून पेंग्विन, पक्षी बघून घ्या. साडेअकराला भाऊ दाजी लाड, तिथे सगळे बरोबर. टॅक्सीने माटुंगा, पानावर जेवण, मुक्कामावर झोप. साडेचारला सीएसएमटीहून दुमजली बस. ती ऑफिसं सुटायच्या आत पकडायची, आणि आजोबांना जिना झेपत नसेल तर त्यांनी खालीच बसायचं. एनसीपीएशी उतरलात की समोर मरीन ड्राइव्हचा कठडा. अंधार पडल्यावर परत येताना लोकल नाही, टॅक्सी. सहा-सात जण एका टॅक्सीत मावत नाहीत, दोन कराव्या लागतील. प्रत्येकीत मुक्कामाचा पत्ता माहीत असलेला एक मोठा माणूस हवा.